हजेरीपुरता जामीन

॥ श्री ॥
१२ जानेवारी

चिरंजीव धाकट्यास,

माथ्यावर देवाचे नाव घातले आहे ते तुमच्यासाठी नव्हे. माझ्या हाताला तशी सवय आहे. आशीर्वाद या खेपेस वगळतो. आणि तुम्हाला 'तुम्ही' लिहितो आहे, कारण परक्याला तसेच लिहितात.

काल कोर्टाच्या जिन्यात, वकीलबाई आणि दोन शिपाई यांच्या देखत, तुम्ही मला म्हणालात, "दादा, माझ्या पोराला तू आत ठेवलंस. आता जा घरी आणि वाच तुझी शास्त्रं." उत्तर ऐकायला तुम्ही थांबला नाहीत. म्हणून ते लिहून पाठवतो. तुमच्या स्मरणशक्तीची खोड मला लहानपणापासून ठाऊक आहे, सोयीचे तेवढेच तिथे टिकते. तेव्हा घडले ते क्रमाने लिहितो. न आवडल्यास फाडून टाका, पण वाचल्यावर फाडा.

तुमचा मुलगा आणि त्याचा भागीदार लिफ्ट दुरुस्तीचे काम करीत. सप्टेंबरात एका सात मजली इमारतीत तो भागीदार लिफ्टच्या टपावर उभा राहून दोर तपासत होता, तुमचा मुलगा सर्वांत वर यंत्राच्या खोलीत होता, आणि लिफ्ट अचानक वर निघाली. भागीदार छताखाली चिरडून मेला. सकाळी त्याच इमारतीच्या दारात दोघे कडाकडा भांडले होते आणि पहारेकऱ्याने ते ऐकले होते. हा अपघात की खून, हे त्या दिवशी कोणालाच सांगता आले नसते. पोलिसांनाही नाही. ते तुम्ही ठरवून टाकलेत. पोलीस दारात आले, त्यांनी अजून काही विचारलेही नव्हते, आणि तुम्ही म्हणालात, "तो दुपारपासून माझ्यासोबत घरीच आहे." इमारतीच्या कॅमेऱ्यात तो चार वाजता धावत बाहेर पडताना दिसतो. ज्याच्यासाठी बापाला खोटे बोलावे लागते त्याने काहीतरी केलेच असणार, असे पोलिसांनी धरले. मी त्यांच्या जागी असतो तर तेच धरले असते.

मग वकीलबाईंनी तुम्हाला सांगितले की जामीनदार असा हवा, ज्याच्या शब्दावर कोर्ट विसंबेल. आणि अकरा वर्षांनी तुम्हाला माझे घर सापडले. ज्या तोंडाने चौकशी अधिकाऱ्यासमोर 'जिन्याच्या कामात लोखंड कमी घातले' असे सांगितले आणि तुमचा ठेकेदारीचा परवाना गेला, तेच तोंड आता तुम्हाला उपयोगाचे वाटू लागले. मी आलो. का आलो ते विचारू नका. तुमच्यासाठी आलो नाही एवढे समजा.

आता माझा अपराध. जुन्या धर्मशास्त्रकारांनी जामीनदाराला प्रतिभू म्हटले आहे आणि त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक माणसाला हजर करण्याची हमी घेतो. दुसरा त्याच्या सचोटीची हमी घेतो. तिसरा त्याचे देणे फेडण्याची. तिन्ही जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत आणि एक घेतली म्हणजे दुसरी आपोआप अंगावर येत नाही. मी चाळीस वर्षे हे विद्यार्थ्यांना शिकवले. त्याच शास्त्रकारांनी असेही म्हटले आहे की एकत्र कुटुंबातले भाऊ, किंवा बाप आणि मुलगा, यांनी परस्परांना जामीन राहू नये. विभक्त झाल्यावर हरकत नाही. म्हणजे तुम्ही माझे सामान दाराबाहेर ठेवलेत म्हणूनच तुमच्या मुलासाठी उभा राहायला मी पात्र ठरलो. याबद्दल आभार मानायचे असल्यास स्वतःचे माना.

सरकारी वकिलांनी मला विचारले, "आजोबा, तुम्ही याचे सख्खे चुलते. हा निर्दोष आहे असा तुमचा विश्वास आहे?"

मी म्हणालो, "तारखेला तो हजर राहील, याची हमी मी देतो. तो कसा आहे याची हमी मी दिलेली नाही."

"म्हणजे विश्वास नाही."

"जे मला ठाऊक नाही, त्याविषयी मी शपथेवर बोलत नाही."

ते न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, घरच्या माणसाला खात्री नाही, मग सरकारनं कुठून आणायची?" कोर्टात लोक हसले. जामीन नाकारला गेला.

निकालपत्राच्या शेवटच्या पानावर माझे वाक्य आहे, ते तुम्ही तोंडपाठ केले आहे. त्याच्या आधीच्या पानावर काय आहे ते वाचलेत का? 'आरोपीच्या वडिलांनी तपासाच्या पहिल्याच क्षणी खोटे निवेदन दिले. कुटुंब पुराव्यात ढवळाढवळ करील अशी रास्त भीती आहे.' तो आत आहे तो दोघांमुळे. माझे वाक्य खरे होते, तुमचे खोटे. फरक तुम्हाला कळत नाही हे मला नवीन नाही.

शेवटच्या बाकावर पिवळ्या चौकटीचा चष्मा घातलेली एक बाई बसली होती. लोक हसले तेव्हा ती हसली नाही. ती त्या भागीदाराची आई. तुम्ही तिच्याकडे पाहिले नाहीत. मी पाहिले, आणि जिना उतरताना माझ्या मनात ती होती, तुमचे बोलणे नव्हे.

थोरला


॥ श्री ॥
२ फेब्रुवारी

धाकट्यास,

तुमचे प्रतिज्ञापत्र सहीशिवाय परत पाठवीत आहे. तिसऱ्या परिच्छेदातले 'माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे' हे वाक्य मी खोडले आहे. ते काढून, बाकीचे पुन्हा टंकलिखित करून पाठवा, सही करतो. वरच्या कोर्टात मला पुन्हा उभे करायचे असेल तर असेच उभे करा. दुसरा कोणी सापडत असेल तर अवश्य शोधा. सापडणार नाही, तुमच्या गावात तुमच्या शब्दाला काय किंमत आहे ते तुम्हाला माहीत आहे, नाहीतर तुम्ही माझी पायरी चढला नसता.

तुम्ही लिहिता, "एक ओळ लिहायला तुझ्या देवाचं काय जातं?" देवाचे काहीच जात नाही. तो प्रश्नच नाही.

भावजयीला मी फोनवर सांगितले, त्यावरून तुम्हाला कळले असेल की मी तुरुंगात जाऊन आलो. होय. ज्याची हमी घ्यायची त्याला एकदा बघावे, एवढाच हेतू. तो वाळला आहे. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या आहेत. डॉक्टर मलम देतो पण मोजे देत नाही. मी मोजे दिले. पहारेकऱ्याने ते उलटसुलट करून पाहिले, जणू मी त्यातून करवत पाठवत होतो.

मी त्याला सरळ विचारले, "लिफ्ट तू चालू केलीस का?"

तो म्हणाला, "काका, हे नका विचारू."

"का?"

"मी सांगेन ते उद्या तुम्हाला कोर्टात कोणी विचारलं, तर तुम्ही तसंच्या तसं सांगाल. आईनं विचारलं, तिला सांगता आलं. बाबांना सांगता येतं. तुम्हालाच येत नाही."

"खरे सांगायला कसली अडचण?"

"तेच की. तुम्हाला अडचण कळतच नाही." मग तो हसला. तुमच्यासारखाच हसतो, एका बाजूने. "काका, लहानपणी आम्ही सगळे तुम्हाला घाबरायचो, माहितीये? चोरून काही खाल्लं की घरात पहिला प्रश्न, काकांनी पाहिलं का."

मी त्याला उद्धट म्हणालो आणि वेळ संपण्याआधीच उठलो. घरी येऊन सायंकाळच्या पठणाला बसलो तर एकाच ओळीत दोनदा अडखळलो. वयाने असे होते.

पन्नास वर्षे सत्याचे व्रत सांभाळले, त्याचे फळ असे की घरातले एकही खरे माझ्यापर्यंत पोहोचत नाही. ही ओळ तुमच्यासाठी लिहिली नव्हती. खोडायला हवी, पण पुन्हा सगळे पत्र लिहिण्याचा कंटाळा आला आहे.

प्रतिज्ञापत्र लवकर पाठवा.

थोरला


॥ श्री ॥
१९ मार्च

धाकट्यास,

तुम्ही आज कोर्टाच्या आवारात पेढ्यासारखे तोंड करून सगळ्यांना हात जोडत होता, म्हणून तुम्हाला आदेश नीट कळला नाही असे मला वाटले. तो समजावून सांगतो.

या न्यायाधीश बाई मागच्या साहेबांसारख्या घाईत नव्हत्या. सरकारी वकिलांनी पुन्हा तेच वाजवले, की काकांनाच विश्वास नाही. बाईंनी चष्मा काढला. "जामीनदाराकडून कायदा काय मागतो, वकीलसाहेब?"

"आरोपीची हजेरी."

"मग यांनी तेवढंच कबूल केलं, त्यात तुमचं काय बिघडलं? उलट बाकीचे जामीनदार सगळंच कबूल करतात आणि नंतर सापडत नाहीत."

मग मला म्हणाल्या, "आजोबा, हा पळून गेला तर?"

"तर मी येईन."

"तुमच्या येण्याचा कोर्टाला काय उपयोग?"

"काही नाही. म्हणूनच तो पळणार नाही असे मी पाहीन."

बाई किंचित हसल्या. नंतर जे बोलल्या ते तुम्ही ऐकायला हवे होते, पण तुम्ही तेव्हा वकीलबाईंच्या कानाशी लागला होता. त्या म्हणाल्या की आरोप गंभीर आहे, माणूस गेला आहे, हे कोर्ट विसरत नाही. पण शिक्षा खटल्यानंतर द्यायची असते, खटल्याची वाट पाहायला लावून नव्हे. आज पाहायचे ते इतकेच, की हा तारखेला येईल का आणि पुराव्याला हात लावील का. "पहिल्याचं उत्तर हे काका आहेत," त्या म्हणाल्या. "दुसरं अवघड आहे. कारण यातला एक साक्षीदार आरोपीचा बाप आहे."

होय, तुम्ही. तुमच्या त्या एका वाक्यामुळे तुम्ही सरकारच्या बाजूचे साक्षीदार झाला आहात. म्हणून अटी अशा: त्याने खटला संपेपर्यंत माझ्या घरी राहायचे. तुमच्या शहरात पाऊल टाकायचे नाही. दर सोमवारी येथील पोलीस ठाण्यात हजेरी. आणि सरकारच्या कोणत्याही साक्षीदाराला भेटायचे नाही, फोन करायचा नाही, निरोप पाठवायचा नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "निदान वडिलांपुरती सूट मिळावी. बाप-लेक आहेत."

"वडील याच्यासाठी एकदा खोटं बोललेत. पुन्हा बोलणार नाहीत याला कोण जामीन राहतंय?"

कोर्टातले सगळे माझ्याकडे पाहू लागले. तुम्हीही पाहिलेत. मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

तेव्हा हात जोडत फिरणे पुरे. भावजयीला येता येईल. तुम्हाला येता येणार नाही. मी दार उघडणार नाही.

थोरला


॥ श्री ॥
२७ एप्रिल

धाकट्यास,

भावजयीच्या पिशवीत तुमची चिठ्ठी सापडली. फाडली. तो अंघोळीला गेला होता, त्याने पाहिली नाही. पुन्हा असे केलेत तर भावजयीलाही फाटकातून परत पाठवावे लागेल, आणि त्याचे पाप तुमच्या माथी.

तुम्ही तिच्याजवळ विचारता की मी त्याला छळतो का. छळ तो माझा करतो. सकाळचे सगळे गरम पाणी संपवतो. ओल्या पायांनी पुस्तकांच्या खोलीत येतो. पठण चालू असताना तोंडाने शीळ घालतो, आणि मी डोळे वटारले की म्हणतो, "चालीत बसतंय का बघत होतो." मागच्या दाराचा आडणा गेली सहा वर्षे बसत नव्हता, तो त्याने बसवला, आता तो इतका घट्ट बसतो की मला एका हाताने निघत नाही. मधल्या खोलीतला दिवा बदलला. माझ्या खाटेची उंची मला न विचारता वाढवली, म्हणे गुडघ्यांना बरे. सोमवारी मी त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत जातो. हवालदार आता माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवतो आणि त्याला विचारतो, "काय रे, आज काकांना सोडून आला नाहीस?"

तुम्ही घरात त्याला भोंगा म्हणत होता, रडताना गल्ली गोळा करायचा म्हणून. परवा तोंडातून तेच नाव गेले. त्याने ओ दिली.

लिफ्टविषयी मी पुन्हा विचारलेले नाही.

तुम्ही लांब राहा. एवढेच तुमच्याकडून हवे आहे.

थोरला


॥ श्री ॥
१६ मे

धाकट्यास,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. कुरियरवाला सकाळी सर्वांत आधी तुमच्या दारात येईल, म्हणजे कोर्टात येण्यापूर्वी तुमच्या हाती पडेल.

काल वकीलबाई येऊन गेल्या. जामीन रद्द करण्याचा अर्ज झाला आहे. मेलेल्या भागीदाराच्या आईने केला आहे. तिने लिहिले आहे की तुम्ही तुमच्या शहराच्या बसथांब्यावर तिला दिसलात, हातात फळांची पिशवी होती, तिला संशय आला आणि ती तुमच्या मागच्या आसनावर बसून येथवर आली. माझ्या घरामागच्या बोळात तुम्ही तुमच्या मुलाशी बोलताना तिने पाहिले. तिच्याजवळ फोटो नाही. शब्द तिचा, आणि तुमच्या बाजूने दोघांचा नकार. म्हणून उद्या मला विचारणार आहेत.

तुमचा संध्याकाळी आलेला फोन मी शेवटपर्यंत ऐकला, कारण तुम्ही रडत होता. "दादा, तू फक्त म्हण मी घरात होतो, मला काही दिसलं नाही. खोटं बोलू नको हवं तर. दिसलं नाही एवढंच. तुला तसंही नीट दिसत नाही."

मला नीट दिसते. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढला.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होतो, चहा गाळत. तुम्ही दोघे बोळातल्या गॅसच्या टाक्या ठेवायच्या कट्ट्यावर बसला होता. तुम्ही म्हणत होता, "मी कोर्टात सांगणार आहे, यंत्राच्या खोलीची किल्ली तुझ्या भागीदाराकडेच असायची, तुझ्याकडे कधी नव्हतीच. तू पण तेच सांगायचं. दोघांचं एक पाहिजे, नाहीतर फसू." त्याने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. तुम्ही आणलेले संत्रे सोलत राहिला. अर्धे तुम्हाला दिले. तुम्ही ते हातातच धरून बोलत होता.

एकदा खोटे बोलून तुम्ही त्याला आत घातलेत. त्यातून तुम्ही एवढेच शिकलात की पुढचे खोटे दोघांनी मिळून बोलावे. तुमच्यात काय आहे, कोणत्या मातीचे तुम्ही, मला आजवर समजले नाही. आपली आई एकच होती.

उद्या मला विचारतील आणि मी पाहिले ते सांगणार आहे. ऐकले तेही. ती बाई पहिल्या तारखेपासून शेवटच्या बाकावर बसते. तिला कोणी काही सांगत नाही, तिच्या बाजूने बोलायला सरकार आहे, पण सरकार तिच्या घरी जेवायला येत नाही. तिने जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले ते घडलेच नाही असे मी तिच्या तोंडावर म्हणावे, असे तुम्ही मागता आहात. तुम्हाला आधी कळवतो आहे, एवढीच सवलत.

त्यालाही मघाशी सांगितले. तो पाण्याच्या टाकीचा नळ दुरुस्त करत होता. "उद्या मी काय सांगणार आहे ते तुला ठाऊक आहे ना?" म्हणालो.

"ठाऊक आहे."

"तुला काही म्हणायचे आहे?"

तो थोडा वेळ पाना फिरवत राहिला. "बाबा आले की मला नाही म्हणता येत नाही, काका. तुम्हाला येतं. कसं येतं, ते एकदा शिकवा." मग म्हणाला, "चहा टाकू का?"

मी हो म्हणालो. चहा चांगला झाला होता.

आता तो त्याच्या खोलीत आहे. पुढच्या दाराची किल्ली नेहमीच्या खिळ्यावर आहे. ती काढून जवळ ठेवावी असे मनात आले. काढली नाही. याचा अर्थ तुम्हाला काढायचा तो काढा, मी काढत बसलेलो नाही.

थोरला


॥ श्री ॥
३० मे

धाकट्यास,

तुम्ही कोर्टाच्या दारात माझ्या अंगावर धावून आलात आणि शिपायांनी तुम्हाला आवरले. माझ्या सदऱ्याची बाही फाटली. ती मी शिवून घेतली आहे. त्यासंबंधी काही म्हणणे नाही.

तो सकाळी माझ्या आधी तयार होता. बसमध्ये त्याने मला खिडकीची जागा दिली.

काय घडले ते तुम्ही मागच्या बाकावरून ऐकलेत, पण तुमचे ऐकणे मला ठाऊक आहे. मी सगळे सांगितले. कट्टा, किल्ली, संत्रे. तो गप्प राहिला हेही सांगितले. दोनदा सांगितले, कारण सरकारी वकील ते वगळू पाहत होते. मग न्यायाधीश बाईंनी विचारले, "हे कधीचं?"

"मेच्या पहिल्या आठवड्यातले."

"त्या दिवशीच पोलिसांना का कळवलं नाही? ती तुमची जबाबदारी होती."

"कळवले असते तर त्याला घेऊन गेले असते."

"म्हणजे?"

तोंडातून जे आले ते खरे होते एवढेच त्याचे समर्थन. मी म्हणालो, "म्हणजे, मला तो घरातून जायला नको होता."

त्यांनी पेन खाली ठेवले. मग म्हणाल्या की त्यांना माझ्याविषयी आदर आहे. पण आरोपीवर लक्ष ठेवायला नेमलेल्या माणसालाच आरोपी घरात हवा असेल, तर कोर्टाने कोणाच्या भरवशावर राहायचे. बाप साक्ष पढवतो, काका पाहून न पाहिल्यासारखे करतो, आणि आरोपी दोघांना थांबवत नाही. जामीन रद्द. मी जामीनदार म्हणून मोकळा. मोकळा, हा शब्द त्यांचा.

त्याला बेडी घालताना तो मला म्हणाला, "टाकीचा नळ अर्धाच बसवलाय. वायसर आणून ठेवलाय, फडताळात वरच्या कप्प्यात." त्याने तुमच्याकडेही पाहिले, तेव्हा तुम्ही मला शिव्या देत होता, म्हणून तुमच्या लक्षात आले नाही.

बाहेर ती पिवळ्या चौकटीच्या चष्म्याची बाई भिंतीशी उभी होती. मला म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही 'नाही पाहिलं' म्हणाल."

"तसे वाटत होते तर अर्ज का केलात?"

"कोणीतरी विचारायला तर पाहिजे ना." मग तिने विचारले, "माझा पोरगा चिरडला तेव्हा तुमच्या पुतण्यानं लिफ्ट मुद्दाम चालवली का? तुम्हाला माहीत असेल." मी सांगितले की मला माहीत नाही, मी विचारले होते आणि त्याने सांगितले नाही. तिने विश्वास ठेवला. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली नाही, समाधानही नाही. ती बसथांब्याकडे गेली. मीही त्याच थांब्यावर होतो, पण मागच्या बसने आलो.

तुम्ही म्हणता माझा-तुमचा संबंध संपला. ठीक आहे. तो अकरा वर्षांपूर्वीच संपला होता, मध्ये तुम्हीच दार वाजवलेत. तुम्ही त्याला खोट्यात गुंतवलेत आणि मी खऱ्यात. तुरुंगातून दोन्ही सारखीच दिसत असतील. तरी तुम्हाला क्षमा करावी असे मला वाटत नाही, आणि तुमच्याकडून मागावी असेही वाटत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट आहे ती सांगून थांबतो. काल मी तुरुंगात चौकशी केली. साक्षीदाराला न भेटण्याची अट जामिनाबरोबर होती आणि जामिनाबरोबरच गेली. आतल्या भेटीला तशी मनाई नाही, काचेपलीकडून आणि पहारेकऱ्याच्या समोर. म्हणजे माझ्या घरात असताना जे तुम्हाला बोळात लपून करावे लागले, ते आता उजळ माथ्याने करता येईल. खटल्याविषयी एक अक्षर काढू नका. पहारेकरी लिहून घेतो, आणि उद्या मला कोणी विचारले तर मी काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

आठवड्याला एकाच माणसाला भेट मिळते. येत्या बुधवारी माझे नाव होते. ते काढून तुमचे घातले आहे. अकराच्या आत फाटकाशी या, ओळखपत्र आणा, संत्री आणू नका, फळे आत घेत नाहीत. मोजे घेतात. डाव्या हाताच्या खिडकीशी उभे राहा. उजवीकडच्या फोनमधून त्याला काही ऐकू जात नाही, आणि तो तसे सांगत नाही, नुसती मान हलवत राहतो.

थोरला